डाव्या हाताचा शेजारी

माझ्या वडिलांचं नाव विश्वास साळवे. ग्वाल्हेरात मात्र त्यांना सगळे विश्वासराव म्हणत. इथल्या मराठ्यांना नावापुढे राव लावल्याशिवाय माणूस पुरा झाल्यासारखा वाटत नसे, आणि बाबांनीही कधी हरकत घेतली नाही. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. आईबाप मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेले तेव्हा ते लहान होते. मिशनच्या बोर्डिंगात वाढले. त्या बोर्डिंगात मुलांचा पितळी वाद्यांचा बँड होता. तो चालवणाऱ्या पाद्रीसाहेबांनी बाबांच्या हातात कॉर्नेट दिला. ट्रम्पेटपेक्षा आखूड, अंगाने गुटगुटीत असं ते वाद्य. बाबा म्हणत, आईने मांडीवर घेतलेलं मला आठवत नाही, पण तो कॉर्नेट पहिल्यांदा मांडीवर घेतला ते आठवतं.

ग्वाल्हेर दरबारच्या फौजेच्या बँडात कॉर्नेटवाला हवा आहे असं कुणाकडून तरी कळलं आणि ते उत्तरेत आले. शहरातल्या कंपू भागात दोन खोल्या मिळाल्या. पुढे लग्न झालं. माझी आई, सरोजिनी, मुलींच्या शाळेत बालवर्ग घ्यायची. तीही नगरकडचीच. दरबारच्या गणवेशात, बुटांना पॉलिश करून बाबा तालमीला निघाले की गल्लीतल्या बायका वळून बघत, असं आई सांगायची. सांगताना तिला अजूनही ते आवडतं आहे हे लपत नसे.

बँडात बाबा दुसऱ्या कॉर्नेटवर होते. पहिला कॉर्नेट सूर्याजी भोईटे यांचा. पहिला कॉर्नेट गाण्याची मुख्य चाल वाजवतो, वरचे सूर त्याचे. दुसरा खालून साथ देतो. बसताना सूर्याजीराव बाबांच्या डाव्या हाताला, कोपराला कोपर लागेल एवढ्या अंतरावर. चौदा-पंधरा वर्षं तरी बाबा त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या सगळ्या काळात त्यांना तो माणूस एकदाही आवडला नाही.

सूर्याजीरावांचं घराणं शिपायांचं. दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेलं. उंच, ताठ, मिशा वळवलेल्या. वाजवत असत अप्रतिम. बाबांनी हे कधी नाकारलं नाही. उलट ते म्हणत की तो वाईट वाजवत असता तर माझं काम सोपं झालं असतं, मी त्याला मनातल्या मनात निकालात काढलं असतं. ख्रिस्ती लोक पाव खाऊन बाटले, असं म्हणायची एक जुनी खोड लोकांना होती. तीवरून सूर्याजीरावांनी बाबांचं नाव पावसाहेब पाडलं. नगरकडची बोली बोलून दाखवून सगळ्यांना हसवायचे. वाजवताना कॉर्नेटच्या नळीत तोंडाची वाफ जमून पाणी साचतं, ते मधूनमधून झटकावं लागतं. सूर्याजीराव ते नेमकं बाबांच्या बुटांवर झटकायचे, आणि तेही परेड सुरू व्हायच्या आधी. मग म्हणायचे, माफ करा हं, दिसलं नाही.

एवढंच. यात खून नाही, चोरी नाही. पण रोज एवढंच वर्षानुवर्षं झालं की माणसाच्या पोटात एक गोळा तयार होतो. बाबांच्या पोटात तो होता.

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. बोर्डिंगातल्या म्हाताऱ्या पाळकांनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं की मनात कुणाविषयी अढी ठेवून प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू नये. आधी जा, त्याच्याशी नीट हो, मग ये. बाबांनी ते शब्दशः घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या गिरजाघरात प्रभुभोजन असे. सगळे रांगेने पुढे जात. बाबा बाकावर बसून राहत. मला आठवतं तेव्हापासून ते बसूनच राहिलेले आहेत. लहानपणी मला वाटायचं की बँडवाल्यांना भाकरी देत नसावेत.

त्यांनी पाळकसाहेबांना एकदा विचारलं होतं. पाळकसाहेब झाशीकडचे, हिंदी बोलणारे, भले गृहस्थ. ते म्हणाले, त्याच्यासाठी प्रार्थना करत जा. बाबा करू लागले. रोज सकाळी दाढी करायच्या आधी गुडघे टेकून ते प्रार्थना करत, आणि शेवटी हळूच म्हणत, प्रभू, सूर्याजी मला आवडू दे. आई चुलीपाशी बसून ते ऐकायची. मग ते तालमीला जात आणि दुपारी ओल्या बुटांनी परत येत.

मग देश स्वतंत्र झाला, संस्थानं विलीन झाली. मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. त्याचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरात आणि उन्हाळ्यात इंदुरात बसू लागलं. दोन-तीन वर्षांत दरबारची फौजही राहिली नाही. काही पलटणी देशाच्या सैन्यात गेल्या. तरुण वाजवणारे तिकडे निवडले गेले, चाळिशी गाठलेल्यांना निरोप मिळाला. बाबांना मिळाला आणि सूर्याजीरावांनाही. आईने नंतर मला सांगितलं की त्या दिवशी बाबा घरी आले ते खिन्न चेहऱ्याने, पण पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, एक बरं झालं, आता त्याच्या शेजारी बसायला नको.

आठवडाभरातच दौलतगंजमधल्या दौलतसिंह यांनी बाबांना बोलावलं. त्यांचा लग्नांचा बँड होता. गणवेश लाल, बटणं पिवळी, वाजवणारे जेमतेम. दरबारच्या बँडातली माणसं आपल्याकडे आली तर शहरात दुसरा बँड उभा राहणार नाही, हे त्यांनी हेरलं होतं. बाबा गेले. खोलीत शिरले तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर सूर्याजीराव कॉर्नेटची नळी पुसत बसले होते. बाबांना म्हणाले, या पावसाहेब, बसा. त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी नव्हती, पण उजव्या हाताची होती.

बाबा बसले. दोन पोटं भरायची होती, माझं आणि धाकट्या भावाचं.

लग्नाच्या हंगामाला इकडे सहालग म्हणतात. दोन सहालग अशा गेल्या. तिसऱ्या हिवाळ्यात बाबांना एक गोष्ट जाणवू लागली. शेजारून येणारा सूर पूर्वीसारखा नव्हता. वरच्या पट्टीत जाताना त्याच्यात हवा मिसळायची, जणू फटीतून वारा यावा तशी. सूर्याजीराव तालमीच्या आधी लवंग चघळू लागले होते. पान बंद झालं होतं. दुपारच्या जेवणात ते भाकरी वरणात बराच वेळ बुडवून ठेवत. पितळी वाद्य वाजवणाऱ्याला पुढच्या दातांचा आधार लागतो. वाद्याचं तोंड ओठांवर दाबलं जातं आणि ओठांमागे दात हवेत. ते हलू लागले तर सूर हलतो. बाबांना कळलं, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चांगुलपणाने नव्हे. त्यांना वाटलं, आपल्याला काय करायचंय.

त्या माघात दौलतगंजच्या एका सराफाच्या मुलाची वरात होती, इंदरगंजच्या चौकातून पुढे जायची. दिवेलागणीला निघाली. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंना, मध्ये बँड, मागे घोड्यावर नवरदेव. चौकात आल्यावर वरात थांबवायची, सगळी वाद्यं बंद करायची आणि पहिल्या कॉर्नेटने एकट्याने एक लांब, उंच चाल घ्यायची, ही सूर्याजीरावांची खास गोष्ट होती. लोक तेवढ्यासाठी दुकानाच्या पायऱ्यांवर चढून उभे राहत.

चौक आला. ढोल थांबले. सूर्याजीरावांनी कॉर्नेट उचलला, छाती भरून घेतली, आणि नुसती हवा आली. सूर आला नाही.

पुढचं बाबांनी मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. म्हणाले, "विमल, खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. गोड खाल्ल्यावर वाटतं ना, तसं बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी देवाने ऐकलं असं वाटलं, आणि मी हे तर मागितलंच नव्हतं."

मग त्यांनी डावीकडे पाहिलं. सूर्याजीरावांनी कॉर्नेट खाली घेतला नव्हता. डोळे मिटून तो ओठांना तसाच लावून धरला होता, आणि त्यांची बोटं कळा दाबत होती. बरोबर दाबत होती, चालीप्रमाणे, एकही न चुकता. हनुवटीवर रक्ताचा एक बारीक ओघळ आला होता. सूर नसलेली ती चाल बोटांनी तशीच पुढे चालली होती.

बाबांनी आपला कॉर्नेट उचलला. अर्धं पाऊल सरकून ते सूर्याजीरावांच्या खांद्यामागे झाले आणि जिथे बोटं पोहोचली होती तिथून त्यांनी चाल उचलली. वर्षानुवर्षं कानाशी ऐकलेली चाल, शिकावी लागली नाही. सूर्याजीरावांसारखी ती झाली नाही, बाबांचा सूर तेवढा धारदार कधीच नव्हता. पण गर्दीत, घोड्याच्या खिंकाळण्यात, ते कुणाला कळतंय. लोकांनी वाहवा केली. पुढे उभ्या दौलतसिंहांनी मागे न वळताच हात उंचावून सूर्याजीला शाबासकी दिली. पाठोपाठ ढोल सुरू झाले आणि वरात पुढे गेली. राहिलेल्या वाटेभर बाबांनी दोघांचं वाजवलं. जिथे पहिला कॉर्नेट हवा तिथे तो, जिथे त्याच्याशिवाय भागेल तिथे आपला. सूर्याजीराव कॉर्नेट ओठांशी धरून चालत राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दौलतगंजच्या खोलीवर गेले तेव्हा गच्चीवर लाल गणवेश उन्हात टाकलेले होते आणि त्यांच्यामध्ये सूर्याजीराव एकटेच उभे होते. गाल सुजलेला. त्यांनी बाबांना बसायला सांगितलं नाही. सरळ विचारलं की काल तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला.

बाबा म्हणाले की वरात थांबली असती.

सूर्याजीरावांचा आवाज चढला. दातांमुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं, त्याने ते आणखी चिडले. म्हणाले, आमच्या सात पिढ्यांनी कुणाची मेहेरबानी घेतली नाही. तू गिरजात जाणारा, तुला पुण्य हवं असेल, ते दुसऱ्या कुणावर कर. मला कीव नको.

बाबा फार शांत माणूस. त्यांचा आवाज चढलेला मी आयुष्यात ऐकला नाही. पण त्या दिवशी काहीतरी सुटलं. ते म्हणाले, "कीव कसली, सूर्याजीराव? कीव यायला माणूस थोडा तरी आवडावा लागतो. तुम्ही मला कधीच आवडला नाहीत. पहिल्या दिवसापासून नाही. मी रोज सकाळी देवापुढे गुडघे टेकतो, की हा माणूस मला आवडू दे म्हणून. तरी नाही."

 गच्चीवर खालच्या बाजाराचा आवाज येत होता. सूर्याजीरावांनी विचारलं, "रोज?"

"रोज."

"आणि तरी नाही आवडलो?"

"नाही."

मग सूर्याजीराव हसायला लागले. गाल धरून, कळवळत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "अरे भाई, हे आधी नाही का सांगायचं? मला तरी तू कुठे आवडतोस? तुझं ते शांत बसणं बघून माझं डोकं फिरायचं. वाटायचं, हा मला माफ करून राहिलाय. रोज माफ करून राहिलाय. म्हणून तर बुटांवर पाणी टाकायचो, की एकदा तरी हा काही म्हणेल."

बाबा सांगत की ते ऐकून त्यांच्या अंगावरून ओझं उतरावं तसं झालं. ते तिथेच, वाळत घातलेल्या गणवेशांच्या सावलीत खाली बसले. सूर्याजीरावही बसले. मग सूर्याजीरावांनी तोंड उघडून दाखवलं. वरचे दोन दात गेलेले, आणखी दोन हलत होते. वैद्य, तुरटी, लवंगेचं तेल सगळं झालं होतं. घरात बायकोला, विजयाबाईंनाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. बाईंना वाटत होतं, दातदुखी आहे, जाईल. मुलगा शिकत होता. कॉर्नेटशिवाय सूर्याजीरावांना काही येत नव्हतं.

घरी येऊन बाबांनी हे सगळं आईला सांगितलं. आई मशीनवर माझा फ्रॉक शिवत होती. बाबा म्हणाले, "सरोजिनी, मी इतकी वर्षं चुकीचं मागत होतो. शेजाऱ्यावर प्रीती कर, अशी प्रभूची आज्ञा आहे. तो तुला आवडेल, असं कुठे म्हटलंय? काल चौकात मी वाजवत होतो तेव्हा तो मला आवडतो की नाही हे मनातसुद्धा आलं नाही. चाल पुरी व्हायला हवी एवढंच होतं."

आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. म्हणाली, "हे मला विचारलं असतंत तर मी लग्नाच्या वर्षीच सांगितलं असतं. मी वर्गभर पोरं सांभाळते. नाकं पुसते, चड्ड्या बदलते, डबा आणला नसेल त्याला माझ्यातलं देते. सगळी मला आवडतात असं वाटलं की काय तुम्हाला?"

 पुन्हा चाक फिरवायच्या आधी आईने आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाली की एका दिवसाचं ठीक होतं, पण रोज तुम्ही वाजवायचं आणि त्यांनी नुसतं ओठांशी धरायचं, ते मात्र दौलतसिंहांना फसवणं होईल.

हे बाबांनाही टोचत होतंच. चार दिवस त्यांनी सूर्याजीरावांच्या मागे लकडा लावला की आपण जाऊन सांगू. सूर्याजीराव तयार होईनात. शेवटी बाबा म्हणाले की मी काही बोलणार नाही, तुम्हीच बोला, मी नुसता शेजारी उभा राहतो. त्यावर ते निघाले.

दौलतसिंहांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. ते वाईट नव्हते, पण त्यांना बँड चालवायचा होता. म्हणाले, दांत ही नहीं तो मैं इनका क्या करूँ? ढोलावर बसवायचं तर तिथे माणसं होती. झांजा सूर्याजीरावांनी हातात घेतल्या नसत्या. सूर्याजीराव मान ताठ ठेवून भिंतीकडे बघत उभे होते. बाबांनी ठरवलं होतं काही बोलायचं नाही, पण ती ताठ मान बघून त्यांना दरबारची परेड आठवली. ते दौलतसिंहांना म्हणाले, ठाकूरसाहेब, हे कसे उभे आहेत ते बघा तरी. दरबारच्या बँडापुढे एक जण काठी घेऊन चालायचा. सगळा बँड त्याच्या काठीवर थांबायचा आणि सुरू व्हायचा. शहरातल्या कुठल्याच लग्नाच्या बँडाकडे तसा माणूस नाही.

दौलतसिंह खुर्चीवरून उठले. सूर्याजीरावांभोवती त्यांनी एक फेरी मारली, घोडा विकत घेताना मारतात तशी. मग म्हणाले, जरा चलकर दिखाइए. त्या लांबोळक्या खोलीत, खुर्च्या बाजूला सारून, सूर्याजीराव हातात छत्री घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. वळले. परत आले. बाबा म्हणत, त्या चालण्यात जे होतं ते कॉर्नेटमध्येसुद्धा नव्हतं. दौलतसिंहांनी तिथल्या तिथे शिंप्याला बोलावणं पाठवलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही गिरजाघरात नेहमीच्या बाकावर होतो. प्रभुभोजनाची वेळ झाली, रांग उठली. मी आईला वाट देण्यासाठी पाय आवळून घेतले. पण आई उठायच्या आधी बाबा उठले. कोटाचं खालचं बटण लावलं आणि रांगेत जाऊन उभे राहिले. पाळकसाहेबांनी त्यांना समोर पाहिलं तेव्हा त्यांचा हात जरा थांबला, मग त्यांनी भाकरीचा तुकडा इतरांना दिला तसाच बाबांना दिला. बाबा परत येऊन बसले आणि खूप वेळ मान खाली घालून होते. आई त्यांच्याकडे न पाहता गीतातली ओळ सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणत होती. ती सहसा मोठ्याने गात नसे. घरी जाताना बाबांनी आम्हाला जिलेबी घेतली आणि रस्त्यात माझ्या भावाला खांद्यावर बसवलं. त्या दिवसाची मला तेवढीच आठवण आहे, पण ती अगदी लख्ख आहे. त्यांचे खांदे हलके वाटत होते असं भाऊ अजून म्हणतो, आणि आम्ही त्याला हसतो, की खांद्यावर बसलेल्याला खांदा हलका कसा वाटेल.

हे झाल्यावर दोघांचं गूळपीठ जमलं असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. सूर्याजीराव बँडापुढे निळ्या फेट्यात, पितळी मुठीची काठी फिरवत चालू लागले आणि दौलतसिंहांचा बँड खरंच शहरात पहिला झाला. बाबा पहिल्या कॉर्नेटवर आले. त्यावरून सूर्याजीराव त्यांना रोज बोलत. अमुक सूर पडला, तमुक जागी घाई केलीस. बाबाही आता गप्प बसत नसत. तुम्ही चौकात उगीच जास्त वेळ काठी फिरवता, माझा दम जातो, असं सरळ तोंडावर म्हणत. कधी कधी दोघांचं चांगलंच वाजे आणि दोन दिवस बोलणं बंद राही. पण बाबांच्या पोटातला गोळा पुन्हा झाला नाही. रोजची प्रार्थना ते करत राहिले. शेवटचं वाक्य बदललं. आता ते म्हणत, प्रभू, सूर्याजीच्या हिरड्या लवकर भरू देत. पुढे कवळी बसल्यावर म्हणत, त्याच्या मुलाला नोकरी लागू दे.

मुलाला नोकरी लागली, सचिवालयात. आणि छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत संपलं, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. त्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून किती कुटुंबं हलली ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. फायलींबरोबर कारकून गेले, कारकुनांबरोबर त्यांचे आईबाप गेले. मराठी घरांत जो तो एकमेकांना विचारायचा, तुमचे कोण चालले? सूर्याजीरावांचा मुलगा चालला. म्हातारपणी आईवडिलांना मागे ठेवायला तो तयार नव्हता. विजयाबाईंनी भांडी पोत्यात बांधली आणि सूर्याजीरावांनी काठी दौलतसिंहांच्या खोलीत परत नेऊन दिली.

बाबा त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले नाहीत. त्या दिवशी वरात होती. नवा माणूस पुढे ठेवला होता, तो चांगला होता पण काठी उचलायला विसरायचा. बाबा त्या महिन्यांत जरा चिडचिडे झाले. आई म्हणाली, आता तर शांतता आहे, आता काय झालं? बाबा म्हणाले, शांतता फार आहे.

होळीनंतरचा रविवार होता. आम्ही गिरजाघरात जायच्या गडबडीत होतो. बाबा टाय बांधत होते. दार वाजलं. मी उघडलं तर सूर्याजीराव आणि त्यांच्या मागे विजयाबाई. ते आमच्या घरी याआधी कधीच आले नव्हते. सूर्याजीराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "भोपाळ बेकार आहे. नुसती टेकाडं. सरळ रस्ता म्हणून नाही, माणूस चालेल कुठे?"

विजयाबाईंनी हळूच आईला सांगितलं की रोज संध्याकाळी हे चढावर जाऊन उभे राहायचे आणि उतरताना सगळ्यांना शिव्या द्यायचे. मुलगाच म्हणाला, बाबा, तुम्ही परत जा.

बाबांनी टायची गाठ तशीच सोडली. सूर्याजीरावांनी विचारलं की काठी दुसऱ्याला दिली असेल. बाबा म्हणाले की दिली आहे, पण तो ती विसरतो, दौलतसिंह कंटाळलेत, आत्ता गेलो तर भेटतील. मग आईकडे वळून म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी आलोच. विजयाबाई आमच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत बोलत आल्या, मग त्या आपल्या बहिणीकडे वळल्या. मागे वळून पाहिलं तर ते दोघं दौलतगंजच्या दिशेने निघाले होते. सूर्याजीराव लांब ढांगा टाकत, आणि बाबा त्यांच्या डाव्या-उजव्या पावलाशी पाऊल जुळवत, बाजूने जवळजवळ धावत.

उपासना सुरू होऊन बराच वेळ झाला तेव्हा बाबा आले. आयुष्यात पहिल्यांदा उशिरा आले. बाकावर माझ्या शेजारी टेकले. कपाळावर घाम, टाय गळ्यात लोंबता. सगळे उभे राहून गीत गात होते, त्यांना गाता येईना. आईने खाली वाकून विचारलं की काय झालं, काठी मिळाली का. बाबांनी मान हलवून हो म्हटलं, आणि श्वास पुरा झाल्यावर कुजबुजले, "त्या माणसाबरोबर चालायचं म्हणजे धाप लागते."